गवत नव्हे, कुरणाचा वैरी

पावसाचे चार शिरवे पडले की वर्धा जिल्ह्यातील रस्त्यांच्या कडा, शाळांची मैदाने, कचेऱ्यांची आवारे आणि गावोगावची गायराने हिरवीगार होतात. दुरून पाहणाऱ्याला या हिरवळीचे समाधान वाटते. जवळ जाऊन पाहिले तर मात्र तीत ठिकठिकाणी गाजरगवताचेच रान माजलेले आढळते. ते उपटण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. ‘गवतच तर आहे’, या एका वाक्यावर विषय संपतो. आणि खरी गफलत तेथेच आहे, कारण गाजरगवत हे मुळात गवतच नव्हे.

गवताचे पाते लांब, अरुंद असते. त्याच्या शिरा समांतर धावतात, काडीला पेरे असतात आणि बी कणसात किंवा तुऱ्यात धरते. गाजरगवतात यांपैकी एकही लक्षण नाही. ते सूर्यफूल आणि झेंडू यांच्या कुळातील वर्षायू झुडूप आहे. कोवळेपणी त्याची पाने जमिनीसरशी चक्राकार पसरतात व ती गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात. पुढे मधून उभ्या रेघांचे, लवदार खोड वर येते, त्याला फांद्या फुटतात आणि टोकाशी लहान पांढऱ्या फुलांचे झुबके लागतात. या पांढऱ्या टोप्यांमुळेच त्याला ‘काँग्रेस गवत’ असे थट्टेचे नाव पडले. उगवल्यापासून चार ते आठ आठवड्यांत ते फुलते आणि एका भरदार झाडावर १५ ते २५ हजार बिया धरू शकतात. त्या इतक्या हलक्या असतात की वारा, पुराचे पाणी, मोटारींची चाके आणि मुरमाचे ट्रक त्यांना विनासायास गावोगाव पोहोचवितात.

हे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. पुण्यात ते १९५१ साली दिसून आले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्ला शेषगिरी राव यांनी १९५६ साली भारतातील नवी नोंद म्हणून ते शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. ‘पीएल-४८०’च्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्रास सांगितले जाते, परंतु तो अमेरिकी कायदाच १९५४ सालचा आहे. बी परदेशी धान्यातून आले असणे संभवनीय असले, तरी सारा दोष त्या एका करारावर टाकणे कालगणनेत बसत नाही. शिवाय ते आले कसे, यापेक्षा ते येथे इतके फोफावले कसे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

त्याचे उत्तर कुरणांच्या अवस्थेत सापडते. आर्वी, आष्टी, कारंजा या भागाला गवळाऊ जनावरांची थोर परंपरा आहे. ही जात पोसली ती पवना, मारवेल अशा बहुवर्षायू गवतांवर. या गवतांची मुळे बारमाही माती धरून ठेवतात आणि दाट वाढलेल्या गवतात परक्या बीजाला सहसा थारा मिळत नाही. पण अतिचराईने गवत खुरटले, माती उघडी पडली, की गाजरगवताला मोकळे रान मिळते. जनावरे उरलेसुरले गवत वेचून खातात आणि कडू गाजरगवत टाळतात. म्हणजे गवताचा ऱ्हास आणि तणाची भरभराट एकाच वेळी होते. त्यातील ‘पार्थेनिन’ हे द्रव्य मुळांतून व कुजणाऱ्या पानांतून मातीत उतरते आणि शेजारच्या बियांची उगवण रोखते. त्याचे परागकण वांगी, टोमॅटोसारख्या पिकांच्या फुलांवर साचले तर फळधारणा घटते. नाइलाजाने ते खाणाऱ्या जनावरांच्या दुधाला कडवटपणा येतो. माणसांना त्वचेचे चिवट विकार व दम्याचा त्रास होतो तो वेगळाच. बोरसारख्या अभयारण्यालगत कुरण आटले की चितळ आणि रोही शेताकडे वळणार, हेही ओघानेच आले.

यावर उपाय नाहीत असे नाही. मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगेरे १९८४ साली बंगळूर येथे सोडण्यात आले. पावसाळ्यात ते या झाडाची पाने फस्त करतात. परंतु कोरड्या दिवसांत ते जमिनीत दडून राहतात, म्हणून केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. सरसकट तणनाशक फवारले तर तणाबरोबर कुरणाचे गवतही जळते. फुलल्यानंतर केलेली कापणी म्हणजे तर स्वहस्ते केलेली पेरणीच होय. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी ऑगस्टमध्ये जागृती सप्ताह पाळला जातो. पण छायाचित्रापुरती चार झाडे उपटून सप्ताह साजरा होतो, तण हटत नाही.

खरे काम दुहेरी आहे. पहिले, जमीन ओली असताना आणि फूल येण्यापूर्वी, हातमोजे घालून झाड मुळासकट उपटणे. फुलापूर्वीच्या या झाडांचे कंपोस्ट खतही होते. दुसरे, आणि अधिक अवघड, म्हणजे रिकामी झालेली जागा रिकामी न ठेवणे. तेथे तरोटा वाढू दिला तरी तो गाजरगवताला दाबतो, आणि त्याची कोवळी भाजी विदर्भात घरोघरी होतेच. गायरानात मात्र मारवेल, पवन्याचे बी टाकून पावसाळ्याचे दोन-तीन महिने चराई बंद ठेवली पाहिजे. ही बंदी गरिबाच्या शेळीवर येणार, हे खरे. म्हणूनच ती आळीपाळीने, गायरानाचे भाग पाडून आणि ग्रामसभेच्या संमतीने झाली पाहिजे.

जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे दिवस वर्ध्यात गोसेवेला वाहिले. १९४२ साली त्यांचे निधन झाले. त्या जिल्ह्यात गाईच्या नावाने भाषणांना तोटा नाही, परंतु तिच्या चाऱ्याची जमीन एका झुडपाच्या घशात जात असता कोणाची झोप उडत नाही. शिक्षकांनी वर्गात एक पवन्याची काडी आणि एक गाजरगवताचे रोप शेजारी ठेवून फरक दाखवावा. कचेऱ्यांनी निदान आपले आवार फुलापूर्वी साफ करावे. ग्रामपंचायतींनी गायरानाचा एक तरी तुकडा यंदा राखून पाहावा. खरे गवत कोणते, हे ज्या गावाला ओळखता येत नाही, त्या गावाला ते नाहीसे झाल्याचे कळणार तरी कसे?