घटनाक्रमाची अट आणि कापलेले गुण

खर्डी, शहापूर, मुरबाडच्या हौशी नाट्यमंडळांकडून या महिन्यात आलेल्या पत्रांत तक्रार एकच आहे. एका एकांकिका स्पर्धेच्या प्रवेशअर्जात ‘कथासार घटनाक्रमानुसार लिहावे’ अशी अट होती. एका मंडळाची एकांकिका शेवटच्या प्रसंगापासून सुरू होते. त्यांनी कथासार प्रयोगाप्रमाणे लिहिले, तर अर्ज परत आला. सरळ क्रमाने लिहून दिले, तर ‘प्रयोग कथासाराशी जुळत नाही’ असा शेरा मारून परीक्षकांनी लेखनाचे गुण कापले.

अशा परीक्षकांनी ‘उत्तररामचरित’ पुन्हा उघडावे. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ८व्या शतकात पहिल्याच अंकात चित्रदर्शनाच्या निमित्ताने वनवासाचे दिवस रंगमंचावर आणले, दुसऱ्या अंकाआधी १२ वर्षे ओलांडली आणि सातव्या अंकात गर्भांक रचून ती मागे फिरवली. टाकलेल्या सीतेवर गंगेकाठी काय गुदरले, ते राम तिथे नाटक म्हणून पाहतो आणि मूर्च्छित होतो. तोच प्रसंग कालक्रमाने दुसऱ्या अंकात आला असता, तर पाहायला राम समोर नसता.

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तनाला उभा राहतो. हॅरॉल्ड पिंटरचे ‘बिट्रेयल’ (१९७८) प्रेमप्रकरण संपल्यावर सुरू होते आणि त्याच्या आरंभापाशी संपते. इतके लांब तरी कशाला जायचे? शहापूर-मोखाड्याकडच्या बोहाड्यात रामायणातली, महाभारतातली, पुराणातली सोंगे एकामागून एक संबळावर नाचून जातात. युगांचा हिशेब तिथे कोणी मागत नाही.

मात्र मंडळांची ढिलाईही झाकून चालणार नाही. नुसत्या ब्लॅकआऊटने काळ बदलत नाही. संहितेच्या समासात प्रत्येक प्रवेशाचा काळ लिहा. भूतकाळासाठी प्रकाशाची किंवा वेशभूषेची जी खूण ठरवाल, ती शेवटच्या प्रवेशापर्यंत पाळा. एक तालीम मुद्दाम सरळ कालक्रमाने घ्या. कोणत्या प्रवेशात आपल्या पात्राला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे नटाला त्यातून पक्के कळते.

आयोजकांनी ती अट काढावी आणि कथासार प्रयोगक्रमानेच मागवावे. एकट्या मंडळाचे पत्र फायलीत पडून राहते. म्हणून शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मंडळांनी एकाच हरकतपत्रावर सह्या कराव्यात, पुढच्या प्रवेशिका निघण्याआधी ते आयोजकांच्या हाती द्यावे, पोच घ्यावी आणि तिची प्रत या मासिकाकडे पाठवावी. पुढच्या अंकात ते पत्र सह्यांसकट छापले जाईल.