जुन्या गाडीचे दुखणे, नव्या इंधनाचा प्रश्न

जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातील १९ गाड्या रतलाम येथे इंधन भरल्यानंतर बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी आढळले, पंप सील झाला आणि इंदूरहून दुसऱ्या गाड्या मागविण्यात आल्या. सेकंड हँड सेदान घेणाऱ्या कुटुंबाला अशी सोय नसते. तिथे इंधनाच्या दोषाचेही खापर इंजिनावरच फुटते.

पेट्रोल गाड्यांबाबत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. बहुतेक पंपांवर आता २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनविलेल्या आहेत. त्याआधीच्या सेदानला ती हमी नाही. इथेनॉल ओलावा शोषते, जुने रबरी पाइप व गॅस्केट त्याने खराब होऊ शकतात. सकाळी गाडी सुरू होण्यास त्रास, सिग्नलवर इंजिन बंद पडणे, अशा वेळी आधी इंधन व फिल्टर तपासावेत. निळा धूर मात्र ऑइल जळत असल्याचे, तर वारंवार घटणारे कूलंट गळतीचे लक्षण. त्याचा दोष पेट्रोलला देता येणार नाही.

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. धोरणाचा हेतू रास्त मानला, तरी त्याची किंमत जुनी गाडी घेणाऱ्याच्या खिशातून वसूल होऊ नये. गाडीला कोणते मिश्रण चालते, हे विक्रीच्या कागदावर नोंदविणे बंधनकारक करणे, एवढे तरी शासनाला सहज शक्य आहे.