बाळाची झोप आणि दमा



“आजीला दमा होता, म्हणून नातवालाही झाला,” असे आपल्या घरांतून सहज बोलले जाते. त्यात थोडे तथ्य आहे. दम्याची प्रकृती घराण्यातून येऊ शकते. पण बाळ पहिले काही महिने कुठे आणि कशा हवेत झोपते, यालाही महत्त्व आहे, आणि ते बरेचसे आपल्या हाती आहे.

जर्मनीत मुख्यतः १९९८ साली नोंदवलेल्या नवजात बाळांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. त्यांतील २,४४१ मुलांपैकी ५५ टक्के मुले पहिल्या तीन महिन्यांत जनावराच्या केसाळ कातड्यावर झोपत होती. अशा मुलांत सहाव्या वर्षी दम्याची शक्यता ७९ टक्क्यांनी कमी दिसली. दहाव्या वर्षी हा फरक ४१ टक्क्यांवर आला. २०१४ साली म्युनिकच्या परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले. कातड्यातील सूक्ष्म जंतूंची लवकर ओळख झाल्याने शरीर पुढे उगाच बिथरत नसावे, असा त्यामागचा अंदाज आहे.

म्हणून कोणी बाजारातून कातडे आणू नये! कातड्यामुळेच दमा टळला, हे अशा पाहणीने सिद्ध होत नाही. उलट मऊ, केसाळ अंथरुणात नाक-तोंड दबून तान्हे बाळ गुदमरू शकते. बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावे. तोंडाजवळ उशी किंवा सैल पांघरूण ठेवू नये.

आपल्या घरात खरी काळजी धुराची आहे. न्हाऊ घातल्यावर आपण बाळाला धुरी देतो, रात्री डासांसाठी कॉइल लावतो. एका कॉइलच्या धुरातील बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्यात खोली एकच, चूल तिथेच आणि बिडीही तिथेच! बाळाची कोवळी फुफ्फुसे हे सगळे ओढून घेतात.

उपाय खर्चाचे नाहीत. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. बिडी-सिगारेट घरात नकोच. स्वयंपाक चालू असताना बाळाला दुसरीकडे निजवा. भिंतीला ओल असेल तर अंथरूण तिथून दूर घाला आणि गोधड्यांना ऊन द्या. धुरी बंद म्हटले की सासूबाईंना वाईट वाटेल. त्यांना प्रेमाने सांगा, “आई, बाळाला ऊब देऊ, धूर नको.”

बाळाला धाप लागली, छातीत घरघर झाली किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या गेल्या, तर घरगुती औषधात वेळ घालवू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.