चपला राखणारीचा समुद्र

कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर रविवारी दुपारी चारला जा आणि जरा मागं वळून बघा. समुद्राकडे नको, सुरूच्या झाडांकडे. तिथं चटईवर एक बाई बसलेली असते. भोवती चपलांचा ढीग, मोबाइल, पाकिटं, गाडीची किल्ली, ओले टॉवेल, चिवड्याचा डबा. नवरा, दीर, मुलं, भाचे सगळे पाण्यात. "तू पण ये की," असं कुणीतरी एकदा म्हणून गेलेलं असतं. ती हसून म्हणालेली असते, "नको बाई, सामान कोण बघणार?"

सामान हे निमित्त. खरी अडचण अशी की भिजल्यावर कपडे बदलायचे कुठं? आणि त्याच्याही आधी, जायचं कुठं? सांगली-कराडकडून निघालेली बाई सहा-सात तासांच्या प्रवासात घोटभर पाणीही जपून पिते, हे आपल्याला एकमेकींना सांगावं लागत नाही. पुरुषांना सगळा किनारा मोकळा. आपल्याला मात्र समुद्र एवढा मोठा असून आडोसा एवढासाही नाही.

अलीकडं किनाऱ्यावर तंबूत राहायची हौस वाढली आहे. नागाव, रेवदंडा, काशीद, दिवेआगर, जाल तिथं नारळीच्या वाडीत रंगीत तंबू दिसतात. आमच्या भिशीच्या नऊजणीही अशाच एका ठिकाणी राहून आल्या. सगळ्यांत लहान सव्वीसची, थोरली एकसष्टची. तंबू छान होते, रात्री शेकोटी होती, गाणी होती. पन्नास माणसांत संडास मात्र दोन, त्यातल्या एकाला आतून कडी नाही. मग काय, एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार धरायचं! रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दार धरून उभं राहण्याला 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणतात, हे जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं.

तरीही सांगते, जावं. पहाटे गर्दी व्हायच्या आत आमच्या एकसष्टच्या काकू साडी खोचून गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. अर्धा तास. कुणी "चहा झाला का?" म्हणून हाक मारली नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चाळीस वर्षांत तीनदा समुद्रावर आले, पाय आज बुडाले." हे ऐकल्यावर कडीचा राग मला जास्तच आला.

कारण हे जमण्यासारखं आहे. गोकर्ण-मुरुडेश्वर करायला आपल्याकडच्या कितीतरी बायका जातात. त्या वाटेवर होन्नावरजवळ, शरावती समुद्राला मिळते तिथं कासरकोडचा किनारा आहे. भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये 'ब्ल्यू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, त्यात तो आहे. त्या मानांकनाच्या ३३ कसोट्या असतात : पाणी तपासलेलं असावं, जीवरक्षक असावा, कचरा उचलला जावा आणि स्वच्छ संडास, कपडे बदलायच्या खोल्या असाव्यात. वाळूलगतची छोटीशी बाग म्हणावी एवढीच ती जागा, पण तिथं बाईला नुसतं बसून राहावं लागत नाही. आपल्याकडेही २०२५ मध्ये नागाव, श्रीवर्धन, गुहागर, लाडघर आणि डहाणूचा पारनाका या पाच किनाऱ्यांना हेच मानांकन प्रायोगिक स्वरूपात मिळाल्याचं जाहीर झालं. बाकीच्या किनाऱ्यांनी काय करायचं?

विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "सीआरझेड आहे, बांधता येत नाही." पक्कं बांधकाम नाही करता येत, बरोबर. पण २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत गावाकडच्या किनाऱ्यांवर तात्पुरत्या सोयींना परवानगीची वाट ठेवली आहे. भरतीरेषेपासून किमान दहा मीटर अंतर ठेवून संडास, कपडे बदलायच्या खोल्या, शॉवर, पिण्याचं पाणी, बसायची जागा करता येते. म्हणजे आडोसा कायद्यानं अडवलेला नाही. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. किनाऱ्यावरच्या गावातल्या सरपंचबाईंनी आणि सदस्यांनी हा विषय ग्रामसभेत मांडला, तर "आधी रस्ता, मग बघू" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यावंच लागेल. गाड्यांच्या पार्किंगचे पैसे घेता ना, मग त्यातून कडी लावा!

दुसरी गोष्ट पाण्याची. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली १४ कॉलेजची मुलं बुडाली. त्यात मुली जास्त होत्या. आपल्या मुलींना आपण पोहायला घालत नाही. कधी तलाव नसतो, कधी पोहण्याच्या पोशाखाचा प्रश्न येतो. शिकवता आलं तर उत्तमच. ते होईपर्यंत निदान भरती-ओहोटी तरी कळायला हवी, आणि ती कळायला आपलं कालनिर्णय पुरतं. कोकणातल्या म्हाताऱ्या बायकांचा ढोबळ हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पाऊण-एक तास इकडंतिकडं होतो, म्हणून गावातल्या माणसाला विचारायचंच. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि ओढही जास्त. ओहोटीला पाणी माणसाला आत ओढतं, तेव्हा पोराटोरांना पुढं सोडू नये. तंबू कुठं असावा? वाळूवर सुका पालापाचोळा आणि कचऱ्याची जी रेघ दिसते, तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. त्या रेघेच्या बऱ्याच वर.

आणि ती शेकोटी! वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेनं चालतात, त्यांच्या हिशेबी तो समुद्र असतो. आपण झगमगाट केला की ती उलट्या दिशेला लागतात. वेळासला लोक आता कासवं बघायला येतात, गावातल्या घरांत उतरतात आणि तिथल्या बायकांच्या हातचं जेवतात. चार पैसे त्या बायकांच्या हाती पडतात. मला तंबूपेक्षा हे जास्त पटतं. तिथं संडासाला कडीही असते, घरातलाच की तो.

आमच्या भिशीनं आता एक कागद केलाय. जागा ठरवायच्या आधी फोनवर विचारायचं : संडास किती, कडी आहे का, रात्री वाटेवर दिवा आहे का, आंघोळीला गोडं पाणी आहे का, जवळ जीवरक्षक आहे का. पहिल्याच फोनवर पलीकडचा माणूस गडबडून म्हणाला, "मॅडम, असं कुणी विचारत नाही हो." मार्गशीर्षातली अष्टमी बघून ठेवली आहे. सामान राखायची पाळी लावलीय, प्रत्येकीला वीस मिनिटं.