आजीच्या पावलाने

सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर पडावे, डोंगरात किंवा रानात हिंडावे, ही हौस आपल्या शहरांतून अलीकडे पुष्कळ वाढली आहे. पुण्याजवळच्या सिंहगडावर रविवारी सकाळी गेलात, तर पायवाटेवर माणसांची रीघ लागलेली दिसेल. हौस चांगलीच आहे. चार भिंतींच्या आत लोळत पडण्यापेक्षा चार पावले चालणे केव्हाही हिताचे. परंतु त्या वाटेवर घटकाभर थांबून लोकांचे बोलणे ऐकावे. ‘आम्ही इतक्या मिनिटांत वर आलो’, ‘तुम्हांला किती वेळ लागला?’, ‘मागच्या खेपेपेक्षा पाच मिनिटे कमी लागली!’ वाटेत काय काय पाहिले, हे मात्र क्वचितच कोणी कोणाला विचारतो. घड्याळाशी अशी शर्यत लावणाऱ्या मंडळींबरोबर पाच वर्षांचे मूल किंवा सत्तर वर्षांची आजी सहसा नसते. ‘तुम्हांला झेपायचे नाही,’ असे सांगून त्यांना घरीच ठेवलेले असते.

मुलांनो, तरुणांनी आपसांत पैजा लावून गड चढावेत, याला माझी मुळीच हरकत नाही. तो एक निराळा आनंद आहे आणि त्याचा दिवसही निराळा असावा. परंतु सर्व कुटुंबाने मिळून रानात जायचे ठरवले असेल, तर त्या दिवसापुरता एकच नियम पाळावा, असे माझे मत आहे. घरातले जे माणूस सर्वांत हळू चालते, त्याच्या पावलाने सर्वांनी चालावे. हा नियम त्या माणसावर दया करण्यासाठी नव्हे. त्यात सर्वांत मोठा लाभ भरभर चालणाऱ्यांचाच आहे.

तो कसा, हे पाहण्यासाठी आपण भीमाशंकरच्या रानात जाऊ. पुणे, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांच्या सीमेवरचे हे रान १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. देवळापासून गुप्त भीमाशंकराकडे एक पायवाट जाते. दाट सावलीची, फारशी लांब नसलेली आणि लहानथोरांना झेपण्यासारखी. धट्टाकट्टा मुलगा ती बघता बघता संपवील आणि म्हणेल, ‘इथे काही नाही, नुसती झाडे आहेत!’ त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याच्या गतीने चालणाऱ्याला तिथे खरोखरच नुसती झाडे दिसतात.

आता त्याच वाटेने आजीबरोबर चाला. शंभर पावलांवर आजी थांबते, कमरेवर हात ठेवते आणि श्वास घेण्यासाठी वर पाहते. तिच्याबरोबर तुम्हीही वर पाहता. उंच फांद्यांच्या टोकाशी काटक्यापानांचा एक मोठा गोळा दिसतो. तो कचरा नव्हे. ते शेकरूचे घरटे होय. शेकरू ही झाडांवर राहणारी मोठी खार, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. पाठ तांबूस, पोट फिकट आणि झुपकेदार शेपूट अंगापेक्षाही लांब. ती एकच घर बांधून स्वस्थ बसत नाही, तर आसपासच्या झाडांवर अनेक घरटी बांधते. आणि तीही बारीक फांद्यांवर, कारण शिकारी जनावराचे वजन त्या फांद्यांना पेलत नाही. शेकरू दिसण्याआधी तिचा खडखडाटासारखा आवाज बहुधा कानी येतो. पण पायांखाली पाचोळा वाजत असेल आणि तोंडाने गप्पा चालू असतील, तर तो ऐकू कसा येणार? तो थांबलेल्यालाच ऐकू येतो. आजीला दम लागला नसता, तर शेकरू तुमच्या डोक्यावरून या झाडावरून त्या झाडावर निघून गेली असती आणि तुम्हांला पत्ताही लागला नसता.

धाकट्या भावंडाचेही तसेच आहे. ते दर दहा पावलांवर खाली बसते, याचा आपल्याला राग येतो. परंतु त्याचे डोळे जमिनीपासून हातभरच वर आहेत, आणि जमिनीवर जे चालले आहे ते आपल्याला कधीच दिसत नाही. उन्हाळ्यात भुसभुशीत कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे इवलेसे खळगे असतात. त्यांच्या तळाशी एक कीटक मातीत अंग लपवून बसलेला असतो. चालती मुंगी काठावरून घसरली, की तो खालून मातीचे कण उडवतो आणि तिला तळाशी ओढतो. हा खळगा मोठ्या माणसाने शोधून काढला, असे मी तरी पाहिलेले नाही. तो नेहमी लहान मुलालाच सापडतो. मोठे मात्र त्याच्यावर पाय देऊन पुढे गेलेले असतात.

झाडांवर कधी कधी शेणाच्या गोळ्यासारखे तपकिरी घर लटकलेले दिसते. ते मुंग्यांचे असते. त्या चांगल्या कडकडून चावतात. तरीही एक तांबूस सुतारपक्षी नेमके तेच घर पोखरतो आणि त्यात आपली अंडी घालतो! एवढी मौज पाहायची, तर त्या झाडाखाली मुकाट्याने उभे राहावे लागते. ज्याचे लक्ष घड्याळाकडे आहे, त्याला ती कशी दिसावी?

म्हाताऱ्या माणसांपाशी आणखी एक ठेवा असतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. तो म्हणजे नावांचा. आजीच्या बटव्यात हिरडा असतो. लहान मुलाचे पोट बिघडले, की ती तो सहाणेवर उगाळते. शिकेकाईने तिने जन्मभर केस धुतले. तुम्हांला शिकेकाई ठाऊक असते ती बाटलीवरच्या चित्रातली. खरे सांगायचे, तर शहरात वाढलेल्या आजीनेही हिरड्याचे झाड पाहिलेले नसते. तिला ठाऊक असते ते फळ. मग रानात त्या झाडाखाली उभे राहिल्यावर दोघांनाही नवे काही मिळते. काट्यांनी भरलेली, दुसऱ्या झाडावर चढत गेलेली ती वेल शिकेकाईची, हे कळल्यावर आजी तिच्याकडे जुन्या मैत्रिणीकडे पाहावे तशी पाहते. आणि जी आजी खेड्यात वाढली, ती तर ऐन, किंजळ, उंबर, पांगारा अशी नावे घेत चालते. कोणत्या पानांच्या पत्रावळी होतात, कोणते लाकूड चुलीत फार धूर करते, हे सारे तिच्या ओठांवर असते. ही माहिती पुस्तकात नाही असे नव्हे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यात अनेक वर्षे नोकरी केली आणि रानात राहणाऱ्या लोकांच्या तोंडून पाखरांची नावे गोळा करून ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. पण कोशात जाण्यापूर्वी ती नावे कोणाच्या तरी जिभेवर होती. आणि गावोगावची नावे निराळी असतात. सारीच कोशात मावत नाहीत. तुमच्या आजीला ठाऊक असलेले नाव तिने तुम्हांला झाडाखाली सांगितले नाही, तर ते कोण सांगणार? घरी बसून ती ते सांगू शकत नाही, कारण समोर झाड नसते.

वडील माणसाबरोबर हिंडण्यातून किती मोठे काम उभे राहते, याचे एक उदाहरण देतो. धनंजयराव गाडगीळ हे नामांकित अर्थशास्त्रज्ञ. पाखरे न्याहाळण्याची त्यांना आवड होती आणि ती त्यांनी आपल्या मुलाला, माधवला, लहानपणीच लावली. १९४२ साली पुण्यात जन्मलेले हे माधव गाडगीळ पुढे पर्यावरणाचे मोठे शास्त्रज्ञ झाले. डॉ. वा. द. वर्तक यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, आणि २०१० साली पश्चिम घाटाच्या रक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. वडिलांनी ‘तू लहान आहेस, तुला काय कळणार?’ असे म्हटले असते तर?

कोणी म्हणेल, ‘इतके हळू चालायचे तर ठरलेल्या ठिकाणी पोचणार केव्हा?’ हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की ठिकाणच जवळचे ठरवावे. दोन किलोमीटरांची वाट तीन तासांत चालण्यात कमीपणा नाही. आपल्याकडे हळू चालण्याची एक थोर परंपरा आहे. आळंदीहून पंढरपूरला पालखी निघते, तेव्हा डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या म्हाताऱ्या बायाही सुमारे अडीचशे किलोमीटर चालून जातात. आपण दिंडीच्या पुढे धावलो, अशी बढाई कोणी वारकरी मारीत नाही.

हळू चालण्यात सुरक्षितपणाही आहे. भीमाशंकरच्या रानात बिबळ्या आहे. लहान मुलांनी पुढे पळू नये व मागे रेंगाळू नये. मोठ्यांच्या मध्ये असावे. सर्वांची गती एक असली, की हे आपोआप साधते. आग्या मोहोळ दिसले तर दगड मारू नये, जवळपास धूर करू नये, मुकाट्याने दूर व्हावे. पावसाळ्यात धबधब्याखाली जाण्याचा हट्ट धरू नये. डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी खाली क्षणात वाढते. आणि गाणी वाजवण्याचे यंत्र घरीच ठेवावे. त्याबद्दल अधिक काय लिहावे!

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. आपण ज्याला सहल म्हणतो, ते रान कोणाचे तरी शेतघर आहे. भीमाशंकरच्या परिसरातली महादेव कोळी समाजाची माणसे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात आणि विकतात. औषधासाठी लागणारा हिरडा असा त्यांच्या कष्टांतून आपल्या बटव्यात येतो. त्या गावांतल्या मुलांना चालण्याची हौस निराळी करावी लागत नाही. पाण्याला, शाळेला, रानाला ती चालतच जातात. त्यांच्या अंगणावरून जाताना रामराम करावा आणि वाट विचारावी. जमले तर गावातल्याच एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे व त्याच्या श्रमांचा मोबदला द्यावा. आहुपे येथे देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेले हे रान गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. तिथे गेलात तर वाळकी काडीसुद्धा खिशात घालू नका. तसे का, हे गावातले म्हातारे माणूस माझ्यापेक्षा चांगले सांगेल.

ज्यांच्या घरी आजीला चालणेच शक्य नाही, त्यांनी काय करावे? त्यांनी तिला वाटेच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या मोठ्या झाडापर्यंत न्यावे. तिथे सतरंजी अंथरावी, पाण्याचा तांब्या ठेवावा आणि तिच्याजवळ एकाने बसावे. बाकीच्यांनी हिंडून यावे. परतल्यावर जो तो आपण काय पाहिले ते सांगू लागतो, आणि पुष्कळदा असे आढळते, की सर्वांत अधिक पाहिले ते बसून राहिलेल्या दोघांनी. पाखरांना बसलेल्या माणसाची भीती लवकर जाते; ती जवळच्या फांदीवर येतात, आपापसांत भांडतात, दाणे टिपतात. म्हणूनच पुढच्या खेपेस आजीजवळ कोणी बसायचे, यावरून भावंडांत तंटा होतो. तो मिटवण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात.