डॉल्बीचा दंड खर्चात धरता येतो का?

नेसरीत गणपती, जत्रा अन् लग्नसराईत डॉल्बी वाजवताय? समजा, वर्षभरात 6 लाखांच्या सुपाऱ्या झाल्या. खर्चाची वही नसेल तर अनुमानित पद्धत सोपी. रोख रकमेवर 8 टक्के, यूपीआयने किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा धरायचा. सगळं यूपीआयने आलं तर नफा 36,000. डिझेल, पोरांची मजुरी मग वेगळी वजा होत नाही.

वही असेल तर टेम्पोभाडं, डिझेल, मजुरी सगळं वजा. स्पीकरची किंमत मात्र एकदम नाही, वर्षाला 15 टक्के घसारा मिळतो. कर्जाच्या हप्त्यातलं व्याज खर्चात धरतात, मुद्दल नाही. आणि आवाजाची मर्यादा मोडल्याचा दंड? तो खिशातूनच. कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड आयकर खातं खर्च मानत नाही.

खरी गोम पुढं आहे. 36,000 नफ्याच्या रिटर्नवर नव्या सेटअपसाठी बँक कर्ज किती देणार? 6 आणि 8 टक्के हे किमान आकडे आहेत. कमाई 2 लाख असेल तर 2 लाखच दाखवा. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत धंद्याच्या 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही.