गोधडी आणि शिवणयंत्र

मळवली स्थानकाच्या एका बाजूस भाजे, तर दुसऱ्या बाजूस कार्ले. मावळातील पाऊस जसा प्रसिद्ध, तसाच त्या पावसाचा गारठाही. या गारठ्यात पिढ्यान्‌पिढ्या ऊब दिली ती गोधडीने. जुनी लुगडी, विरलेली धोतरे, मुलांना तोकडे झालेले परकर. जे टाकून द्यावयाचे, तेच एकत्र येऊन रंगीबेरंगी पांघरूण होते.

पुष्कळ गोधड्यांत हाताचा धावदोरा कडेपासून निघतो आणि चौकोनात चौकोन घेत मध्यभागी पोहोचतो. आता हे काम शिवणयंत्रावरही होते. यंत्र आले आणि गोधडीची कला गेली, अशी खंत काही जण व्यक्त करतात. ती अगदीच निराधार नाही. यंत्राच्या टाक्यात वरचा व खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. म्हणून तो घट्ट बसतो. असे टाके फार दाट घातले, तर गोधडी ताठर होते. शिवाय चार सरळ रेघा मारून मोकळे होण्याचा मोह होतो, तो निराळाच. परंतु हा दोष यंत्राचा, की ते चालविणाऱ्याचा?

या प्रश्नाचे उत्तर मळवलीच्या परिसरातच कोरलेले आहे. भाजे येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्याचे खांब आतल्या बाजूस कललेले आहेत. लाकडी इमारतीत खांब असे तिरपे रोवीत. दगडात त्याची गरज नव्हती. कारागिरांच्या हाती नवे माध्यम आले होते, पण मन जुन्याच घडणीत रमले होते. त्यानंतरच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र खांब सरळ उभे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेल्या स्त्रीपुरुषांची सुंदर शिल्पे आहेत. दगडात काय साधते, हे करून पाहता पाहताच उमगले. तरीही कार्ल्याच्या छताला लाकडी कमानी आहेत, आणि त्या आजही टिकून आहेत. जुन्याचा अव्हेर तेथे झाला नाही.

शिवणयंत्राचेही असेच आहे. सरळ रेघ ही त्याची पहिली पायरी. पुढे एका तुकड्यावर लाटा, दुसऱ्यावर वेल, तिसऱ्यावर जाळी, असे कितीतरी प्रकार करून पाहता येतात. कापड पुढे सरकविणारे दाते ज्या यंत्रात खाली उतरविता येतात, त्यावर कापड हवे तसे फिरविता येते. मध्यापासून कडेकडे शिवत गेल्यास चुण्या कमी पडतात. टाके विरळ ठेविल्यास मऊपणाही राहतो. पहिली वेल वाकडी येईल, हे खरे. म्हणून ती आधी चिंधीवर काढावी. चिंधीवर बिघडले, तर नुकसान ते काय?

आजीने हाताने घातलेला धावदोरा आणि नातीने यंत्रावर काढलेली वेल एकाच गोधडीवर शेजारी शेजारी नांदू शकतात. पावसाळी रात्री ती अंगावर घेणाऱ्यास दोहोंची ऊब सारखीच लागेल.